ग्राफिक्स कार्डचे ‘फ्लॅशिंग’ : वेगाचा आणि विजेचा हिशेब

आभासी चलनाचे ‘माइनिंग’ म्हणजे संगणकाकडून अखंड आकडेमोड करून घेऊन त्या मोबदल्यात चलन मिळवणे. या उद्योगाचा मुख्य कच्चा माल वीज. ती कशातून निर्माण होते, हे परळी वैजनाथला वेगळे सांगावे लागत नाही. तेथील औष्णिक विद्युत केंद्र २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. माइनिंगसाठी ग्राफिक्स कार्डमध्ये केल्या जाणाऱ्या फेरफाराचे मोलही अखेर विजेच्या हिशेबातच मोजावे लागते.

फ्लॅशिंग म्हणजे काय?

ग्राफिक्स कार्डवरील एका छोट्या चिपमध्ये ‘बायोस’ हा प्रोग्रॅम साठवलेला असतो. प्रोसेसर व मेमरीचा वेग, व्होल्टेज, पंख्याची गती आणि वीजवापराची कमाल मर्यादा त्यात नोंदलेली असते. मूळ बायोस पुसून त्या जागी बदललेली प्रत लिहिणे म्हणजे ‘फ्लॅशिंग’. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने कार्ड चालवणे म्हणजे ‘ओव्हरक्लॉकिंग’.

मेमरीची युक्ती

इथेरियम हे चलन ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले. त्याच्या माइनिंगमध्ये प्रोसेसरपेक्षा मेमरीच्या वेगाला अधिक महत्त्व होते. मेमरीने प्रत्येक कामात किती काळ थांबावे, याची कोष्टके बायोसमध्ये असतात. वेग वाढला, की सुरक्षिततेसाठी थांबण्याचे टप्पेही वाढवलेले असतात. माइनर कमी वेगाचे कोष्टक उचलून अधिक वेगाच्या जागी बसवत. एएमडीच्या आरएक्स ५८० कार्डाची क्षमता त्यामुळे सेकंदाला सुमारे २२-२४ दशलक्ष हॅशवरून ३० दशलक्षांच्या आसपास जाई. प्रोसेसरचा वेग व व्होल्टेज मात्र घटवले जाई. परिणामी काम वाढे आणि वीज कमी लागे. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांत कंपनीची डिजिटल स्वाक्षरी नसलेला बायोस चालत नाही.

धोके कोणते?

सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन अशा प्रत्येक कंपनीच्या मेमरीचे कोष्टक वेगळे असते. चुकीची प्रत लिहिली गेल्यास कार्ड सुरूच होत नाही. त्यामुळे मूळ बायोसची प्रत आधी जपून ठेवणे आवश्यक असते. काही कार्डांवर दोन बायोस व ते बदलण्याचे बटण असते. अशा फेरफाराने वॉरंटी धोक्यात येते. जुने कार्ड विकत घेताना त्यात मूळ बायोस आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

हिशेब काय सांगतो?

सहा कार्डांचा संच ८५० वॅट वीज घेतो असे धरल्यास महिन्याला सुमारे ६१२ युनिट लागतात. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर हा खर्च ४०० किलोंहून अधिक होतो. फ्लॅशिंगने हा आकडा कमी होई, पण संपत नसे.

केंद्र सरकारने एप्रिल २०२२पासून आभासी चलनाच्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू केला. माइनिंगच्या यंत्रणेवरील खर्च त्यातून वजा करता येणार नाही, असेही त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने माइनिंगची पद्धतच सोडून दिली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. बिटकॉइनसाठी त्याआधीपासूनच खास यंत्रे वापरली जात होती. त्यामुळे ग्राफिक्स कार्डांचे सर्वांत मोठे काम संपले. घरच्या वीजदरात माइनिंगसाठी कार्ड फ्लॅश करू पाहणाऱ्याने आधी वीजबिल समोर ठेवून हिशेब मांडावा, हे उत्तम.