ऑक्सफर्डमधील धर्मशास्त्राचा मराठी विद्यार्थी : विठ्ठल रामजी शिंदे, १९०१ ते १९०३

१/
अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव १९०६ पासून ठळकपणे येते. त्याआधीची दोन वर्षे मात्र सहसा एका वाक्यात उरकली जातात : ‘ऑक्सफर्डला धर्मशिक्षण घेतले.’ धर्म शिकायला गेलेला तरुण परळच्या गिरणगावात शाळा काढण्यापर्यंत कसा पोहोचला? हा धागा त्या वाक्याविषयी.

२/
जन्म २३ एप्रिल १८७३, जमखंडी संस्थान (आज कर्नाटकात). घर मराठा, वडील रामजीबाबा वारकरी. फर्ग्युसनमध्ये शिकताना सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली. १८९८ मध्ये बी. ए. झाल्यावर कायद्याचा अभ्यास सुरू केला. पण मन रमले ते प्रार्थना समाजात. वकिली मागे पडली, धर्मप्रचारकाचे जीवन पुढे आले.

३/
त्या काळी इंग्लंडमधील युनिटेरियन पंथ ब्राह्म व प्रार्थना समाजाच्या तरुणांना धर्मशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देत असे. युनिटेरियन म्हणजे त्रैक्याचा सिद्धान्त नाकारणारे, एकच ईश्वर मानणारे ख्रिस्ती. प्रार्थना समाजाशी त्यांचे जमणे स्वाभाविक होते. १९०१ मध्ये शिंदे या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले. वय २८, विवाहित.

४/
नाव मँचेस्टर आणि गाव ऑक्सफर्ड, असे का? इथे थोडे थांबायला हवे. इंग्लंडच्या अधिकृत चर्चची मते न मानणाऱ्यांना ऑक्सफर्डचे दार शतकानुशतके बंद होते. म्हणून अशा लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. त्यांपैकी एक १७८६ मध्ये मँचेस्टरला निघाली.

५/
१८७१ च्या कायद्याने विद्यापीठातील बहुतेक धार्मिक अटी हटल्या, आणि १८८९ मध्ये ही संस्था ऑक्सफर्डला आली. तरीही ती विद्यापीठाचा भाग नव्हती. शेजारी राहणारी पाहुणी होती. प्रवेशासाठी कोणत्याही पंथाची शपथ घ्यावी लागत नसे. थोडक्यात, दाराबाहेर ठेवलेल्यांनी उभारलेल्या कॉलेजात शिंदे शिकले.

६/
अध्यापक तोलामोलाचे. प्राचार्य जेम्स ड्रमंड; तत्त्वज्ञानाला चार्ल्स अप्टन; आणि तौलनिक धर्माभ्यासाला जोसेफ एस्टलिन कार्पेंटर. हे कार्पेंटर ‘दीघनिकाय’ या पाली ग्रंथाच्या संपादनात ऱ्हिस डेव्हिड्स यांचे सहकारी होते. म्हणजे बायबल आणि बुद्धवचन, दोन्हींचा जाणकार एकाच वर्गात.

७/
ऑक्सफर्डच्या वर्षात आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रे. व्याख्याने, वाचनालय, उपासना, रविवारचे प्रवचन. सत्र संपले की लांब सुट्ट्या. शिंदे रोजनिशी लिहीत आणि ‘सुबोध पत्रिके’ला पत्रे पाठवीत. परदेशातील विद्यार्थ्याचे दिवस मराठी वाचकाला कळत होते ते त्या पत्रांतून.

८/
कार्पेंटरांच्या अभ्यासाचा गाभा कोणता? पवित्र ग्रंथालाही इतिहास असतो. तो कोणी लिहिला, केव्हा, कोणासाठी, मागाहून त्यात काय मिसळले, हे विचारणे म्हणजे श्रद्धेचा अपमान नव्हे. बायबलच्या पहिल्या ग्रंथांची घडण उलगडणारे कार्पेंटर यांचे पुस्तक १९०२ मध्येच निघाले, म्हणजे शिंदे कॉलेजात असताना.

९/
ही पद्धत भारतीय विद्यार्थ्याच्या हाती आली की तिचा रोख बदलतो. ग्रंथाला इतिहास असेल, तर ग्रंथाचा आधार सांगून चालवलेल्या रूढीलाही इतिहास असणार. अस्पृश्यता अनादी नाही. ती केव्हातरी, कोणत्यातरी कारणाने घडली. आणि जे घडले ते मोडता येते. शिंदे यांच्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ (१९३३) या ग्रंथामागे हीच दृष्टी आहे.

१०/
दुसरा धडा वर्गाबाहेरचा. युनिटेरियनांनी १८३० च्या दशकापासून मँचेस्टर, लंडन अशा शहरांच्या गरीब वस्त्यांत ‘डोमेस्टिक मिशन’ चालवली होती. धर्मोपदेशक घरोघर जाई. शाळा, वाचनवर्ग, बचतीची व्यवस्था पाही. १८८४ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये टॉयन्बी हॉल निघाला. तेथे विद्यापीठातले तरुण गरिबांच्या शेजारी राहायला जात.

११/
काळही तसाच होता. चार्ल्स बूथ यांची लंडनच्या गरिबीची पाहणी पूर्ण होत आली होती; १९०१ मध्ये राउंट्री यांनी यॉर्क शहराची पाहणी प्रसिद्ध केली. दारिद्र्य हे दैव किंवा आळस यांचे फळ नसून मोजता येणारी सामाजिक स्थिती आहे, हा विचार इंग्लंडात रुजत होता. साम्राज्याच्या राजधानीतही झोपडपट्टी असते, हे भारतीय विद्यार्थ्याला दिसत होते.

१२/
सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला उदार धर्मपंथांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे शिंदे यांनी भारतातील उदार धर्मावर निबंध वाचला आणि त्यानंतर ते मायदेशी परतले. मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. मार्ग ठरलेला दिसत होता : उपासना, व्याख्याने, दौरे.

१३/
पण दौऱ्यांनीच मार्ग वळवला. बडोद्यात सयाजीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या शाळा त्यांनी पाहिल्या. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे महार मंडळींच्या सभेत ते रात्री बसले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. मराठी नाव ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळ’. अध्यक्ष न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर.

१४/
‘मिशन’ हा शब्द उगाच आलेला नाही. शाळा, वसतिगृह, उद्योगशिक्षण, भजन आणि वस्तीतला वावर ही रचना डोमेस्टिक मिशनशी जुळते. एक फरक मोठा : लंडनच्या उपदेशकाला शेजारी राहिल्याने विटाळ होत नव्हता. शिंदे कुटुंबासह मिशनच्या जागेत राहिले, बहीण जनाक्का कामात उतरल्या, आणि त्याची किंमत सर्वांनी स्वजातीत मोजली.

१५/
गोष्ट इथे गोड शेवटाने संपवली तर इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे, या प्रश्नावर १९२० च्या नागपूर परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मिशनच्या भूमिकेला उघड विरोध केला. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडू, हा त्याचा आशय. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून दूर झाले.

१६/
हा विरोध शिंदे यांच्या त्यागावर नव्हता. ‘दुसऱ्यांसाठी’ चालणाऱ्या कामाच्या मर्यादेवर होता. आणि गंमत पाहा : मँचेस्टर कॉलेजचा इतिहास तेच सांगत होता. दाराबाहेर ठेवलेल्यांनी दयेची वाट पाहिली नाही, आपली संस्था आपण उभारली. ऑक्सफर्डचा हा तिसरा धडा शिंदे यांच्या मिशनला पुरता गिरवता आला नाही.

१७/
२ जानेवारी १९४४ रोजी शिंदे निवर्तले. सनातन्यांना ते बाटगे वाटले, राजकारण्यांना धार्मिक, धार्मिकांना राजकीय. अस्पृश्य चळवळीलाही पुढे त्यांची गरज उरली नाही. पण धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘ईश्वर कसा आहे?’ या प्रश्नावरून ‘देवळाबाहेर कोण उभे आहे, आणि का?’ या प्रश्नावर यावे, हा प्रवास त्यांनी मराठीत प्रथम इतक्या सलगपणे जगून दाखवला. त्यांची रोजनिशी आणि ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे आत्मचरित्र, दोन्ही मराठीत आहेत. सुरुवात रोजनिशीपासून करावी. तिथे महर्षी नाही. एक विद्यार्थी भेटतो.

(धागा समाप्त)