सरोवरप्रांताचे वाटाडे

मॅथ्यू आर्नल्डने १८७९ मध्ये वर्डस्वर्थच्या निवडक कवितांना जी प्रस्तावना लिहिली, तीत एक किस्सा येतो. वर्डस्वर्थच्या भेटीस आलेल्या एका धर्मोपदेशकाने त्याला विचारले की, सरोवरप्रांताच्या मार्गदर्शिकेखेरीज आपण आणखी काही लिहिले आहे काय? होय, काही कविता लिहिल्या आहेत, असे कवीने नम्रपणे सांगितले. हा किस्सा आपण बहुधा हसून सोडून देतो. आम्हांस मात्र त्या धर्मोपदेशकाचा प्रश्न तितकासा हास्यास्पद वाटत नाही. इंग्लंडच्या वायव्येकडील कंबरलंड आणि वेस्टमोरलंड हे डोंगराळ, मेंढपाळी परगणे आणि त्यांना लागून असलेला लँकेशायरचा उत्तर भाग यांना जगाच्या नकाशावर आणण्याचे काम जितके कवितेने केले, तितकेच मार्गदर्शिकांनीही केले. वर्डस्वर्थ या दोन्ही कामांत होता, आणि त्याच्या भूमिकेतील पेच समजून घ्यायचा तर मार्गदर्शिकांचा इतिहास पाहावा लागतो.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा प्रदेश बाहेरच्यांच्या लेखी ओसाड आणि भयावह होता. शतकाच्या मध्यानंतर टोलरस्ते झाले, घोडागाड्या येऊ लागल्या आणि त्यांच्यामागून लेखक आले. कवी टॉमस ग्रे १७६९ च्या शरदात येथे हिंडला. त्याची रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर, १७७५ मध्ये छापली गेली. ग्रे सोबत एक लहानसा बहिर्वक्र, काळसर आरसा बाळगीत असे. देखाव्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि या आरशात त्याचे चित्रासारखे प्रतिबिंब पाहायचे, अशी तेव्हाची रीत होती. आरसा हाती धरून चालता चालता ग्रे एका चिखलाच्या वाटेवर उताणा पडला. बोटांची सालटी निघाली, आरसा शाबूत राहिला आणि कवी सूर्यास्त पाहायला थांबला. निसर्ग पाहण्यासाठी त्याच्याकडे पाठ फिरवणे ही त्या काळच्या अभिरुचीची खूणच म्हणावी लागेल.

या अभिरुचीला शिस्तशीर रूप दिले ते टॉमस वेस्ट या जेझुइट धर्मगुरूने. त्याची मार्गदर्शिका १७७८ मध्ये निघाली. कोणत्या सरोवराच्या काठी नेमके कोठे उभे राहायचे आणि काय पाहायचे, हे त्याने ठरवून दिले. या जागांना त्याने 'स्टेशन' असे नाव दिले. आगगाडी जन्मायची होती, त्यामुळे हा शब्द तेव्हा केवळ 'उभे राहण्याचे ठिकाण' एवढाच होता. महाबळेश्वर-माथेरानला एकामागून एक 'पॉइंट' पाहत फिरलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना निराळी समजावून सांगायला नको. विंडरमियरच्या काठावरील अशाच एका स्टेशनावर १७९० च्या दशकात इमारत उभी राहिली. तिच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. एकातून वसंत दिसे, दुसरीतून शिशिर, तिसरीतून चांदणे! ऋतू येण्याची वाट पाहण्याइतकी सवड पाहुण्याला नसते, हे यजमानांनी ओळखले होते.

लेखकांच्या पाठोपाठ स्थानिक उद्योगी मंडळी पुढे आली. केझिक गावी पीटर क्रॉस्थवेट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत समुद्र हिंडून आलेला गृहस्थ होता. त्याने चित्रविचित्र वस्तूंचे संग्रहालय थाटले, सरोवरांची मोजणी करून नकाशे छापले आणि त्यांवर वेस्टची स्टेशने दाखवली. डरवेंटवॉटरमधील एक बेट विकत घेतलेल्या जोसेफ पॉकलिंग्टन या धनिकाने त्याच्या साथीने नौकांच्या शर्यती आणि लुटुपुटीच्या जलयुद्धांचे उत्सव भरवले. अल्सवॉटरवर तर पैसे मोजून तोफ उडवून घेता येई. हेतू एवढाच, की डोंगरांतून प्रतिध्वनी कसा घुमतो ते ऐकावे. १७९३ पासून फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि युरोपची सफर दुरापास्त झाली. मग आल्प्सचे हौशी प्रवासीही इकडे वळले.

येथवरची हकीकत गमतीची आहे. परंतु वर्णन करणारी लेखणी दरवेळी निरुपद्रवी असतेच असे नाही. जोसेफ बडवर्थ या फौजी अधिकाऱ्याने १७९२ मध्ये आपल्या पायी भ्रमंतीचे पुस्तक छापले. बटरमियर या एकाकी खेड्यातील खानावळवाल्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीचे, मेरी रॉबिन्सनचे, त्याने त्यात मोठ्या रसिकतेने रूपवर्णन केले. परिणाम असा झाला, की सरोवराप्रमाणे तीही प्रेक्षणीय स्थळ ठरली. तिला पाहायला लोक खानावळीत येऊ लागले. १८०२ मध्ये स्वतःला एका उमरावाचा भाऊ आणि संसदसदस्य म्हणवणारा एक गृहस्थ आला आणि ऑक्टोबरात त्याने तिच्याशी लग्न केले. तो जॉन हॅटफील्ड नावाचा भामटा होता आणि आधीच विवाहित होता. या प्रकरणाची वार्तापत्रे लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये कोलरिजने लिहिली. १८०३ मध्ये कार्लाइल येथे हॅटफील्डला फाशी झाली. आरोप होता बनावट सहीचा: संसदसदस्यांना टपाल फुकट असे आणि त्याने सदस्य म्हणून पत्रांवर सह्या केल्या होत्या. मेरीच्या फसवणुकीबद्दल ती शिक्षा नव्हती. मेरीवर लंडनला नाटक झाले, आणि वर्डस्वर्थने 'प्रिल्यूड'च्या सातव्या सर्गात तिची आठवण काढली. पुढे तिने एका शेतकऱ्याशी लग्न केले आणि १८३७ मध्ये ती वारली. पण बडवर्थच्या पुस्तकात आपण यावे की नाही, हे तिला कोणी विचारले होते? मार्गदर्शिकांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आमच्या मते हाच आहे. बडवर्थच्या पानांवर स्थळ आणि माणूस यांत भेद उरलेला नव्हता.

वर्डस्वर्थची मार्गदर्शिका या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचे वेगळेपण दिसते. १८१० मध्ये ती दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाची निनावी प्रस्तावना म्हणून आली, १८२२ मध्ये स्वतंत्र पुस्तक झाली आणि १८३५ मध्ये तिची पाचवी आवृत्ती निघाली. कोठे उभे राहावे यापेक्षा हा प्रदेश असा का घडला, हे सांगण्यात कवीला अधिक रस आहे. स्वतःच्या तुकड्यावर राबणारे लहान शेतकरी-मेंढपाळ, त्यांची दगडी घरे, बांध आणि वाटा यांतून हे सौंदर्य शतकानुशतके साकारले, असे तो दाखवतो. यंत्रांमुळे घरगुती सूतकताई बुडाली, त्यामुळे ही कुटुंबे मोडत चालली आणि त्यांच्या जमिनी बाहेरच्या श्रीमंतांकडे जात आहेत, हेही तो नोंदवतो. पांढरीफेक घरे आणि लार्च वृक्षांच्या एकसुरी लागवडी यांवर त्याचा विशेष राग आहे. शेवटी तो म्हणतो, की हा प्रदेश एक प्रकारे राष्ट्राची मालमत्ता मानावी आणि ज्याला पाहण्याची दृष्टी व आनंद घेणारे हृदय आहे, त्या प्रत्येकाचा तीवर हक्क असावा.

पण ही दृष्टी आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? १८४४ मध्ये केंडल ते विंडरमियर लोहमार्गाची योजना जाहीर झाली, तेव्हा ह्या प्रश्नाला तोंड फुटले. वर्डस्वर्थने निषेधाचे सुनीत लिहिले आणि 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्रे पाठवली. देखाव्यांची गोडी जन्मजात नसते, ती हळूहळू लागते; तेव्हा लँकेशायरच्या गिरणीकामगारांना झुंडीने येथे आणून त्यांचे भले होणार नाही, त्यांनी आधी बायकामुलांसह घराजवळच्या शेतांतून फिरावे, असा त्याचा युक्तिवाद होता. पहिला भाग खरा आहे. ग्रे आणि वेस्ट यांनाही ही दृष्टी कमवावीच लागली होती. पण ती कमवण्याची संधी कामगाराला नाकारायची, हे त्या युक्तिवादातून निघत नाही. १८४७ मध्ये गाडी सुरू झाली. अँबलसाइडला घर बांधून राहिलेल्या हॅरिएट मार्टिनोने या नव्या पाहुण्यांचे स्वागत केले आणि १८५५ मध्ये स्वतःची मार्गदर्शिका काढली.

पुढील पिढीत हा वाद अधिक शहाणा झाला. केझिकजवळचा धर्मोपदेशक हार्डविक रॉन्स्ली याने १८८३ मध्ये बटरमियरकडे जाणाऱ्या खाणमार्गाविरुद्ध मोहीम उघडली आणि ती योजना मागे घ्यावी लागली. १८८७ मध्ये लॅट्रिग टेकडीवरील वाट मालकांनी बंद केली. ती मोकळी करायला सुमारे दोन हजार माणसे चढून गेली. त्यांचा म्होरक्या हेन्री जेंकिन्सन हा मार्गदर्शिकाकारच होता! पुढच्या वर्षी तडजोड होऊन शिखराची वाट खुली झाली. १८९५ मध्ये रॉन्स्ली, ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांनी 'नॅशनल ट्रस्ट' स्थापन केला. डरवेंटवॉटरकाठची ब्रँडलहाउची वनराई विकत घ्यायला साडेसहा हजार पौंड हवे होते. ते लोकवर्गणीतून जमले आणि १९०२ मध्ये ती जागा सर्वांस खुली झाली. देणगीदारांत एक कामगार होता. दोन शिलिंगांपलीकडे आपली ऐपत नाही, पण एकदा डरवेंटवॉटर पाहिले ते विसरता येत नाही, अशा अर्थाचे त्याचे पत्र होते. १८४४ च्या पत्रांना याहून नेमके उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

१९५१ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१७ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा ठरवला, तोही त्यातील शेती, साहित्य आणि संरक्षणाची चळवळ या तिन्हींसाठी. आज उद्यानाच्या हद्दीत सुमारे चाळीस हजार लोक राहतात आणि वर्षाला दीड कोटीहून अधिक पाहुणे येतात. सुट्टीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या घरांमुळे किमती चढल्या आहेत, आणि गावातील तरुणांना गावात घर घेणे कठीण झाले आहे. जमीन राबणाऱ्याच्या हातून पाहणाऱ्याच्या हाती जाते, ही वर्डस्वर्थची तक्रार तेवढ्यापुरती खरी ठरली. पाहायला कोणी यावे, याविषयीचा त्याचा आग्रह मात्र दोन शिलिंगांच्या त्या पत्राने निकालात काढला. मार्गदर्शिका शिकवताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे आम्हांस वाटते, आणि त्याच तासाला मेरी रॉबिन्सनचीही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावी.