पशुधन-मागोवा
सांसर्गिक रोग जडलेले जनावर कोठून आले व त्याच्या सहवासातील जनावरे कोठे गेली, याचा ओळखखुणा व खरेदी-विक्रीच्या नोंदी यांवरून घेतलेला शोध. डाग देणे, कान कातरणे या खुणा पुरातन आहेत. मात्र त्यांनी मालकी कळते, प्रवास कळत नाही.

ब्रिटनमधील २००१ ची लाळ-खुरकुताची साथ या दृष्टीने बोलकी आहे. २० फेब्रुवारीस एसेक्समधील कत्तलखान्यातील डुकरांत रोग निश्चित झाला आणि त्याचा माग तीन दिवसांत नॉर्थंबरलंडमधील एका वराहपालन केंद्रापर्यंत लागला. इतके काम चोख झाले. परंतु तेथील व्हायरस, बहुधा वाऱ्याबरोबर, जवळच्या मेंढ्यांत आधीच पोहोचला होता. त्या मेंढ्या १३ फेब्रुवारीस हेक्समच्या बाजारात विकल्या गेल्या. तेथून काही लाँगटाउनच्या मोठ्या बाजारात जाऊन दूरवर पांगल्या. मेंढ्यांत लक्षणे सौम्य असल्याने कोणास संशय आला नाही. जुलै १९९६ पासून जन्मलेल्या गुरांना पारपत्रे होती; मेंढ्यांना मात्र स्वतंत्र क्रमांक नव्हते व दलालांमार्फत होणारे सौदे पुष्कळदा नोंदीबाहेर राहत. २३ फेब्रुवारीस वाहतूकबंदी झाली, तोपर्यंत पन्नासांहून अधिक ठिकाणी संसर्ग झालेला होता. ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यांतील बहुसंख्य निरोगी होती. मेंढ्यांसाठी स्वतंत्र क्रमांकाचे इलेक्ट्रॉनिक बिल्ले २०१० पासून आवश्यक झाले.