हळदपूड : परंपरा, गुणधर्म आणि पारख

फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची काढणी होते आणि उन्हे तापू लागली की मराठवाड्याच्या बाजारपेठांत नवी हळद येऊ लागते. त्याच सुमारास जालना, अंबड, परतूर, मंठा या भागांतील घरांत वर्षभराच्या हळद-तिखटाची बेगमी सुरू होते. हळकुंडे पारखून घ्यावीत, उन्हात खडखडीत वाळवावीत आणि गिरणीतून दळून आणावीत, ही जुनी रीत. शहरांमध्ये तिची जागा आता तयार पुड्यांनी घेतली आहे. यात सोय निश्चित आहे. पण हळकुंड पाहून घेतलेली हळद आणि पूड म्हणून घेतलेली हळद यांत एक मूलभूत फरक पडतो. हळकुंड मोडून पाहता येते, पुडीवर विश्वास ठेवावा लागतो. हळदीच्या गुणांची चर्चा करताना हा फरक लक्षात घेणे अगत्याचे आहे.

जालना जिल्ह्याची शेती मुख्यतः कापूस, सोयाबीन, तूर आणि मोसंबीची. हळदीचे मोठे क्षेत्र त्याच्या पूर्वेकडील हिंगोली, नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांत आहे. हिंगोली जिल्ह्यातील वसमत ही त्या पट्ट्यातील प्रमुख बाजारपेठ असून ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला 2016 मध्ये आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये हा मान लाभला होता. हळदीला पाणी भरपूर लागते, मात्र साचलेले पाणी तिला मुळीच सोसत नाही, कंद कुजतात. त्यामुळे काळ्या भारी जमिनीत हे पीक निचऱ्याची सोय करूनच घ्यावे लागते. लागवडीपासून काढणीपर्यंत आठ-नऊ महिने जातात.

शेतातून डब्यापर्यंत

जमिनीतून निघालेली हळद म्हणजे बाजारातील हळद नव्हे. काढणीनंतर गड्डे आणि हळकुंडे वेगळी केली जातात. ती स्वच्छ करून पाऊण ते एक तास शिजवतात. पूर्वी हे काम शेताच्या कडेला उघड्या कढईत चाले; आता अनेक ठिकाणी वाफेचे बॉयलर आले आहेत. शिजवल्यामुळे कंदातील पिष्टमय पदार्थ घट्ट होतो, रंग सर्वत्र सारखा पसरतो आणि वाळण्याचा काळ कमी होतो. शिजवणे कमी पडले तर हळकुंड नीट वाळत नाही, अधिक झाले तर रंग बिघडतो. पुढे दहा-पंधरा दिवसांचे ऊन आणि त्यानंतर फिरत्या पिंपात घासून पॉलिश. शंभर किलो ओल्या हळदीपासून साधारणतः वीस किलोच्या आसपास वाळलेली हळद हाती येते. चांगले हळकुंड मोडताना कट् असा आवाज होतो आणि आत गर्द केशरी-पिवळा रंग दिसतो.

या रंगाचे कारण असलेले कुर्क्युमिन हे द्रव्य व्होगेल आणि पेल्तिए या युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी 1815 मध्ये हळदीतून वेगळे केले. सर्वसाधारण हळदीत त्याचे प्रमाण दोन ते पाच टक्के असते. उर्वरित भाग मुख्यतः पिष्टमय पदार्थ, तंतू आणि हळदीला तिचा वास देणारे सुगंधी तेल यांचा. कुर्क्युमिन अल्कलीच्या सान्निध्यात लाल होते. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा का होतो आणि चुन्याच्या संयोगाने हळदीचे कुंकू कसे बनते, याचे उत्तर या एकाच गुणधर्मात आहे. त्याचा दुसरा गुणधर्म म्हणजे ते प्रकाशात टिकत नाही. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, हे गृहिणींना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक असते. सांगलीजवळील हरिपूर येथे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची पद्धत होती, ती याच दृष्टीने शहाणपणाची. 2005 च्या महापुरात या पेवांमध्ये पाणी शिरून मोठे नुकसान झाले.

इतिहास आणि एक खटला

हरियाणातील फरमाना येथील हडप्पाकालीन अवशेषांच्या अभ्यासात मातीच्या भांड्यांवर हळद आणि आल्याच्या पिष्टकणांच्या खुणा मिळाल्या. म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीही या भूमीत हळद शिजत होती. संस्कृतात तिला हरिद्रा, निशा, रजनी, कांचनी अशी नावे आहेत. चरकसंहितेत तिची गणना लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न द्रव्यांमध्ये केलेली आढळते. महाराष्ट्रात हळद औषधापेक्षाही संस्कारांत अधिक रुजली. लग्नाची हळद, चैत्रातील आणि संक्रांतीचे हळदीकुंकू, जेजुरीचा खंडोबारायाचा भंडारा. हीच पूड देवळात उधळली जाते आणि फोडणीतही पडते.

इतक्या परिचित वस्तूवर कोणी मालकी सांगेल, असे कुणाला वाटले नसते. तथापि मार्च 1995 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या नावे, जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मंजूर झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने 1996 मध्ये त्यास आव्हान दिले. हा उपयोग नवा नाही, हे सिद्ध करण्यासाठी जुने ग्रंथ आणि 1953 मधील भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक लेख पुराव्यादाखल सादर करण्यात आला. ऑगस्ट 1997 मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने ते पेटंट रद्द ठरवले. पुढे 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारण्याचे काम सुरू झाले, त्यामागे या प्रकरणाची प्रेरणा होती. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. हळदीचा हा उपयोग भारतात जुना आहे, एवढेच त्या निकालाने मान्य केले. हळद कोणता रोग किती बरा करते, हा प्रश्न तेथे नव्हताच.

आरोग्य : किती खरे, किती अतिशयोक्त

त्या प्रश्नाचे उत्तर सावधपणे द्यावे लागते. प्रयोगशाळेत कुर्क्युमिनचे सूजविरोधी आणि ऑक्सिडीकरणविरोधी परिणाम वारंवार दिसले आहेत. अडचण ही की ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि शोषलेले यकृत झपाट्याने बाहेर टाकते. काळ्या मिरीतील पायपरीनसोबत दिल्यास मानवी रक्तातील त्याची उपलब्धता सुमारे वीस पटींनी वाढते, असे 1998 मध्ये बंगळुरू येथील अभ्यासात आढळले. गुडघ्याच्या संधिवातावर थायलंडमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 367 रुग्णांपैकी एका गटाला हळदीचा अर्क रोज 1500 मिलिग्रॅम आणि दुसऱ्याला आयबुप्रोफेन देण्यात आले. चार आठवड्यांनी दोन्ही गटांतील आराम जवळजवळ सारखा होता. याउलट 2017 मध्ये अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन कुर्क्युमिनच्या औषधी यशाचे भक्कम पुरावे नसल्याचा निष्कर्ष काढला. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्वांवर हळद रामबाण असल्याचे जे संदेश फिरतात, त्यांच्यासाठी ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण पुरेशी आहे.

साधा हिशेब केला तरी मेळ बसत नाही. तीन ग्रॅम हळदपुडीत, म्हणजे सुमारे एक लहान चमचाभर पुडीत, कुर्क्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपास असते. चाचण्यांतील मात्रा त्याच्या अनेक पट असतात. त्यामुळे आमटीतली हळद हे औषध नव्हे, हितकर अन्न आहे आणि त्या प्रमाणात ती सुरक्षितही आहे. गोळ्या-कॅप्सूलमधील घट्ट अर्काचे तसे नाही. शोषण वाढवलेल्या अशा पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे इटली आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच पित्ताशयात वा मूत्रपिंडात खडे असलेल्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. किरकोळ खरचटण्यावर हळद लावण्याची सवय घरोघरी आहे. मात्र खोल जखमेवर किंवा नवजात बालकाच्या नाळेवर डब्यातील पूड लावणे जंतुसंसर्गाला आमंत्रण ठरू शकते. ती पूड निर्जंतुक नसते.

भेसळ

पुडीतला खरा धोका रंगाचा आहे. हळद पिवळी दिसावी म्हणून मेटॅनिल यलो हा खाद्यपदार्थांत निषिद्ध असलेला रंग घातला जातो. त्याहून घातक म्हणजे शिशाचे संयुग असलेले लेड क्रोमेट. ते हळकुंडांना पॉलिश करतानाच चोळले जाते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम करते. बांगलादेशात 2019 मध्ये तपासलेल्या बाजारातील 47 टक्के नमुन्यांत ही भेसळ आढळली होती. तपासण्या, दंड आणि जनजागृतीमुळे 2021 पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. म्हणजे हा रोग असाध्य नाही. भारतात पाटण्याच्या नमुन्यांत मात्र शिशाचे प्रमाण मर्यादेच्या कित्येक पट आढळल्याचे 2024 मधील अभ्यास सांगतो. आपल्याकडे ही मर्यादा किलोमागे दहा मिलिग्रॅम आहे.

घरी एक सोपी तपासणी करता येते. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध पूड तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. रंग घातलेली असेल तर पाणी लगेच गडद पिवळे होते. पण लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. खरेदीच्या वेळी मात्र डोळे उपयोगी पडतात. हळकुंडांचा रंग अनैसर्गिक चमकदार आणि एकजात सारखा असेल, तळहातावर चोळल्यावर रंग फार सुटत असेल, तर तो माल घेऊ नये.

सहा महिन्यांपुरतीच हळद दळून आणावी आणि उरलेली हळकुंडे कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावीत. पुडीसाठी काचेच्या पारदर्शक बरणीपेक्षा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चांगला. शेगडीजवळच्या फळीवर तो ठेवू नये. तेथील वाफेने पुडीत गुठळ्या होतात आणि तिचा वास उडून जातो.