चांदीचा चिमटा

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी हॅरी गोल्डब्लाट नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. शवविच्छेदन करताना त्यांना एक गोष्ट वारंवार आढळे. हयातीत ज्यांचा रक्तदाब फार वाढलेला असे, त्यांच्या मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असत. वाढलेल्या दाबानेच वाहिन्या बिघडतात, असे त्या काळी अनेकांचे मत होते. उलटे तर नसेल, अशी शंका गोल्डब्लाटांना आली.

त्यांनी चांदीचा लहानसा चिमटा करविला आणि कुत्र्यांच्या मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रोहिण्या त्याने थोड्या आवळल्या. रक्त थांबवायचे नाही, केवळ कमी करायचे. दोन्ही बाजू आवळताच दाब चढला आणि चढलेलाच राहिला. 1934 साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्या मुक्या जनावरांचे ऋण आम्हांस येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

असे का व्हावे? रक्त कमी पोचले की सबंध शरीराचाच दाब उतरला, असा मूत्रपिंडाचा समज होतो व ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते. वाहिन्या आकसतात, मीठ-पाणी साठते. रेनिनचा शोध टिगरस्टेड व बर्गमन यांनी स्टॉकहोमला 1898 सालीच लावला होता, पण तो विस्मरणात गेला होता.

1938 साली अमेरिकेतील एका लहान मुलाचे रोगट मूत्रपिंड काढताच त्याचा रक्तदाब उतरल्याचे प्रसिद्ध झाले. मग काय, शस्त्रक्रियांची लाटच आली! 1956 साली होमर स्मिथ यांनी हिशेब मांडला, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांनाच गुण आल्याचे दिसले. उरलेल्यांचा अवयव गेला, व्याधी मात्र राहिली. अरुंद वाहिनी सापडली म्हणजे तीच अपराधी, असे नव्हते.

1978 साली झुरिचच्या ग्रुंटझिग यांनी फुग्याने रोहिणी रुंदावल्याचा वृत्तांत दिला. पुढे स्टेंट आले. पुन्हा तोच उत्साह, पुन्हा तोच हिशेब. 2009 साली 806 आणि 2014 साली 947 रुग्णांवरील चाचण्यांत, चरबी साठून अरुंद झालेल्या रोहिणीत स्टेंट घालून गोळ्यांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. तरुण स्त्रियांत आढळणाऱ्या, भित्तिकेच्या दोषाने होणाऱ्या अरुंदपणात मात्र फुगा बऱ्याचदा उपयोगी पडतो.

आज आपल्या घरोघरी दिसणारी टेल्मिसार्टनची गोळी त्याच अँजिओटेन्सिनला अडवते. मात्र दोन्ही रोहिण्या अरुंद असतील, तर तिने मूत्रपिंडाचे काम मंदावू शकते. म्हणूनच ती सुरू केल्यावर काही दिवसांनी डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यायला सांगतात.