धन्वंतरी महाल आणि सूक्ष्मकणांचे औषध

कुंभकोणम हे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये. इंदूर आणि बडोदे संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी, तंजावरी मराठी देशस्थ घराण्यात झाला. व्यंकोजीराजांनी स्थापिलेली भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत टिकली. पण कावेरीच्या खोऱ्यात मराठी आजही काही घरांत बोलली जाते, तमिळ वळणाची का होईना.

येथून तंजावर सुमारे चाळीस किलोमीटर. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) धन्वंतरी महाल ही आरोग्यशाळा चालवली. राज्यकारभार कंपनीच्या हाती गेलेला; राजाने उरलेले लक्ष ग्रंथांकडे आणि रोग्यांकडे वळवले. अनुभवास उतरलेली औषधे तमिळ पद्यात नोंदवून घेतली गेली. तोच ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ हा संग्रह. नेत्ररुग्णांची टिपणे व डोळ्यांची चित्रे सरस्वती महालात जतन झाली आहेत. रोगी कोण, व्याधी कोणती, उपचार काय केला, गुण आला की नाही, हे लिहून ठेवण्याची शिस्त त्या टिपणांत दिसते.

हा वारसा सांगताना अलीकडे एक वेगळाच दावा ऐकू येतो: आपली सुवर्णभस्मे म्हणजेच प्राचीन नॅनोतंत्रज्ञान. भस्मांच्या काही नमुन्यांत नॅनोमीटर मापाचे कण आढळले, हे खरे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. परंतु कण सूक्ष्म असला म्हणजे तो कर्करोग बरा करतो, असे मुळीच ठरत नाही. या गैरसमजाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. भस्मावर विसंबून शस्त्रक्रियेचे महिने दवडले, की गाठ थांबत नाही.

आधुनिक सूक्ष्मकणांचा इतिहासही या कसोटीतूनच गेला आहे. डॉक्सोरुबिसिन हे औषध गाठीला मारते, पण हृदयालाही इजा करते. ते मेदाच्या अतिसूक्ष्म कुपीत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून दिले तर हृदयाचा धोका घटतो. असे ‘डॉक्सिल’ अमेरिकेत १९९५ साली संमत झाले. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी वापरावे लागणारे द्रावक काहींना तीव्र ॲलर्जी आणी. २००५ साली आलेल्या ‘अब्राक्सेन’मध्ये ते अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडून त्या द्रावकाची गरजच काढून टाकली. दोन्ही औषधांचा ठळक लाभ त्रास कमी होण्यात होता. रुग्णाच्या दृष्टीने हे थोडे नव्हे.

मोठी आशा मात्र दुसरीच होती. १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवले, की गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने मोठे रेणू तेथे झिरपून साचतात. यावर तीस वर्षे असंख्य प्रयोग उभे राहिले. २०१६ साली टोरांटोच्या एका गटाने दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा हिशेब मांडला: टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचतात ते मध्यमानाने अवघे ०.७ टक्के. बाकीचे बहुतांशी यकृत आणि प्लीहा गिळतात. २०२० साली त्याच गटाने आणखी दाखवले, की उंदरांच्या गाठींत कण छिद्रांतून क्वचितच शिरतात. वाहिन्यांच्या पेशीच त्यांना आत नेतात. इतक्या वर्षांच्या गृहीतकावर असा हिशेब मांडणे हे माझ्या मते या शास्त्राचे सर्वांत मोठे धैर्य.

त्यानंतर संशोधनाची दिशा पालटली आहे. कण कोणाच्या गाठीत शिरतील हे आधी पाहून रुग्ण निवडावा, असा एक विचार. मेदकणांतून एमआरएनए पाठवून शरीराच्याच प्रतिकारशक्तीला गाठ ओळखायला शिकवावे, हा दुसरा. करोनाच्या लसींनी या मेदकणांची वाट रुंद केली. कर्करोगाच्या व्यक्तिनिष्ठ लसी अजून चाचण्यांत आहेत.

आपल्या देशात २००७ साली केंद्र सरकारने नॅनो मिशन सुरू केले. तंजावरच्या शास्त्र विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञान व जैवपदार्थांचे केंद्र आहे, औषधवाहक कणांवर तेथे काम चालते; त्याच विद्यापीठाचे श्रीनिवास रामानुजन केंद्र कुंभकोणमला आहे. ज्या खोऱ्यात दोनशे वर्षांपूर्वी रोग्यांची टिपणे लिहिली गेली, तेथेच आता उंदरांच्या आणि पेशींच्या नोंदी लिहिल्या जात आहेत.