पसंतीचा आकडा: ‘लाइक’ची प्रथा आणि किशोरवयीनांचा आत्मसन्मान

छायाचित्र किती जणांना आवडले याचा आकडा त्याखाली जाहीरपणे दाखवण्याची प्रथा एकविसाव्या शतकातली आहे. समाजमाध्यमांमुळे किशोरवयीनांच्या आत्मसन्मानावर होणाऱ्या परिणामांची चर्चा बरीचशी या आकड्याभोवतीच फिरते.

चारचौघांच्या नजरेतून स्वतःला जोखण्याची सवय मात्र जुनी आहे. 1902 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी तिला आरशाची उपमा दिली: माणूस इतरांच्या मतांत स्वतःचे प्रतिबिंब शोधतो. माणूस स्वतःची पारख इतरांशी तुलना करून करतो, हा सिद्धान्त लिऑन फेस्टिंजर यांनी 1954 मध्ये मांडला. मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींचा अभ्यास करून 1965 मध्ये आत्मसन्मान मोजणारी दहा विधानांची मापनपट्टी प्रसिद्ध केली. ती आजही वापरली जाते. त्या काळी मुलांची तुलना वर्ग, गल्ली आणि नातलग यांच्यापुरती असे. कोण किती आवडते याची मोजदाद कोणी ठेवत नसे.

ती मोजदाद इंटरनेटने सुरू केली. 2000 मध्ये निघालेल्या ‘हॉट ऑर नॉट’ या संकेतस्थळावर अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांना 1 ते 10 गुण देता येत. 2003 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मार्क झकरबर्ग यांनी ‘फेसमॅश’ तयार केले. त्यात दोन छायाचित्रे शेजारी ठेवून अधिक आकर्षक कोण ते निवडायचे असे. विद्यापीठाने ते काही दिवसांतच बंद पाडले. 2004 मध्ये फेसबुक आणि ऑर्कुट सुरू झाले. भारतातील तरुणांत आधी गाजले ते ऑर्कुट. तिथे मित्रांनी लिहिलेली प्रशस्तिपत्रे आणि ‘फॅन’ची संख्या सगळ्यांना दिसे.

9 फेब्रुवारी 2009 रोजी फेसबुकने ‘लाइक’चे बटण आणले. ‘छान’, ‘मस्त’ अशा त्याच त्या प्रतिक्रियांची जागा एका टिचकीने घेतली आणि कौतुक मोजता येऊ लागले. पुढच्याच वर्षी पुढच्या बाजूला कॅमेरा असलेला आयफोन 4 आणि छायाचित्रांना फिल्टर लावून देणारे इन्स्टाग्राम आले. ‘सेल्फी’ हा ऑक्सफर्ड शब्दकोशाचा 2013 चा ‘वर्षाचा शब्द’ ठरला. 2015 मध्ये स्नॅपचॅटने चेहराच बदलून दाखवणारी ‘लेन्स’ आणली. तुलना आता इतरांच्या सजवलेल्या रूपाशी आणि स्वतःच्याही सजवलेल्या रूपाशी होऊ लागली. भारतात सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि हे सारे लहान गावांतल्या मुलांच्याही हाती आले.

या आकड्याचा मेंदूवरील परिणाम लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये तपासला. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना छायाचित्रे दाखवली गेली. त्यांखालचे आकडे संशोधकांनीच ठरवलेले होते. स्वतःच्या छायाचित्राला भरपूर ‘लाइक’ दिसले की मेंदूतील बक्षिसाशी संबंधित भाग अधिक सक्रिय होई. इतरांच्या छायाचित्रांबाबतही, ज्याला आकडा मोठा त्यालाच पसंती देण्याकडे मुलांचा कल होता.

परिणाम किती मोठा, यावर मात्र एकमत नाही. ऑर्बेन आणि प्शिबिल्स्की या संशोधकांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. मानसिक स्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर 0.4 टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लागत होता. मात्र सरासरी लहान असली तरी प्रत्येकाचा अनुभव तसाच असतो असे नाही. शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटले, असे 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याचे इन्स्टाग्रामची मालकी असलेल्या फेसबुकच्याच अंतर्गत संशोधनात नोंदलेले होते. कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून 2021 मध्ये हे उघड झाले. बातम्यांत या संशोधनाचा विपर्यास झाल्याचे कंपनीचे म्हणणे होते.

दरम्यान, मे 2019 मध्ये कॅनडात इन्स्टाग्रामने ‘लाइक’चे आकडे लपवून पाहिले होते. काहींना त्याने बरे वाटले, काहींना ते खटकले. 2023 मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी समाजमाध्यमे आणि मुलांचे मानसिक आरोग्य या विषयावर सूचनापत्र काढले. 16 वर्षांखालील मुलांना खाते ठेवू न देणारा ऑस्ट्रेलियाचा कायदा 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. आकड्याचा निर्णय मात्र इन्स्टाग्रामने मे 2021 मध्येच वापरणाऱ्यांवर सोपवला: तो आपोआप दिसतो, नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन लपवावा लागतो.